‘सगळं ठीक आहे, सर’च्या पुढे

पवईच्या ऑफिसांत सर्वांत जास्त वेळा खोटं बोललं जाणारं वाक्य ‘सगळं ठीक आहे, सर’ हे असावं. कांजूरमार्गला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत ताटकळलेली, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रोच्या कामापायी रखडलेली माणसं गेटवर कार्ड टेकवून आत शिरतात. साहेबाने ‘काय, कसं चाललंय?’ विचारलं की हेच वाक्य टाकून जागेवर बसतात. खरं म्हणजे साहेबालाही यापेक्षा जास्त ऐकायचं नसतं.

हिरानंदानीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दर पंधरवड्याला टीम लीड आपल्या हाताखालच्या प्रत्येकाशी पाऊण तास बोलतो. तिथे याला सगळे ‘वन-ऑन-वन’ म्हणतात. दोघांची तयारी असेल आणि नावं छापणार नसाल तर बसा कोपऱ्यात, असं मला सांगण्यात आलं.

लीड चाळिशीचा. समोरची इंजिनीअर डोंबिवलीहून येणारी, एका बँकेच्या सिस्टिमची देखभाल करणारी. ऑफिसात एरवी सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण हे दोघं मराठीत बोलायला लागले की ती ‘सर’ म्हणते आणि तो ‘तू’ म्हणतो. लॅपटॉप त्याने आणलाच नव्हता. एक वही होती. ती उघडून त्याने आधी स्वतःचा हिशेब दिला.

“रिलीजच्या रात्रीनंतर सकाळी नऊचा कॉल नको, असं मागच्या वेळी तू म्हणालीस. मी तो अकराला नेला. पाळला गेला का?”

“एकदा नाही, सर.”

त्याने ते लिहून घेतलं. सबब सांगितली नाही. पुढच्या पाऊण तासात जे काही झालं, ते या पहिल्या मिनिटामुळे झालं असं माझं मत आहे. मागच्या वेळचं बोलणं वाऱ्यावर गेलं असतं, तर या वेळी ती काही बोललीच नसती.

मग तो म्हणाला, “बाकी?” ती म्हणाली, “सगळं ठीक आहे, सर.” तो गप्प बसला. एसीचा आवाज ऐकू येईल इतका वेळ कुणीच बोललं नाही. मलाच अवघडल्यासारखं झालं, काहीतरी विचारावंसं वाटलं. तो मात्र वहीकडे बघत थांबून राहिला. शेवटी तीच म्हणाली, “मंगळवारच्या कॉलवर मला बोलायचं होतं.”

“काय सांगायचं होतं? आत्ता सांग.”

तिने सांगितलं. बँकेचा रोजचा ताळमेळ काही दिवस लागत नव्हता. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, बँकेची फाइल भारतीय वेळेवर. दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार सर्व्हरवर आदल्या दिवशीच्या तारखेत पडत होते. हे तिने कॉलच्या आधीच शोधून काढलं होतं. कॉलवर मात्र एका सीनियरने भलतंच कारण सांगितलं आणि दोन दिवस त्यामागे गेले.

इथे बहुतेक साहेब म्हणतील, ‘मग बोलली का नाहीस? कॉन्फिडन्स वाढव.’ हा म्हणाला, “आडवं काय आलं?”

“इंग्रजीत वाक्य मनात जुळवेपर्यंत पुढचा मुद्दा सुरू होतो.”

मराठी शाळेतून आलेल्या किती जणांचं करिअर या एका वाक्यात अडकलेलं असतं! कंपन्या यावर ‘कम्युनिकेशन स्किल्स’चं दोन दिवसांचं प्रशिक्षण देतात. इथे ठरलं ते एवढंच: पुढच्या कॉलची पहिली पाच मिनिटं तिची. तीन ओळी लिहून आणायच्या आणि वाचल्या तरी चालतील. ती बोलत असताना मध्ये कुणी शिरायचं नाही, हे सीनियर मंडळींना लीड आधीच सांगेल. वहीच्या पानावर दोन रकाने होते, एक ‘तिचं’ आणि एक ‘माझं’. ‘माझं’ रिकामं राहिलं तर बोलणं फुकट गेलं असं समजायचं, असं तो मला नंतर म्हणाला.

पगाराचा विषय पाऊण तासात एकदाही निघाला नाही. मुद्दामच. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या पाहणीवर आधारलेला एक गाजलेला लेख 1965 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत आला होता. पगारवाढ आणि सुधारणा एकाच बैठकीत घेतल्या की माणूस आपला बचाव करण्यातच गुंततो, दोषांची यादी वाचून कामगिरी उलट खालावते, आणि नेमकं काय करायचं ते मिळून ठरवलं तर फरक पडतो, असं त्यात मांडलं होतं. इंटेलच्या अँड्र्यू ग्रोव्ह यांनी 1983 च्या पुस्तकात तर वन-ऑन-वनची बैठक हाताखालच्या माणसाची आहे, विषय त्यानेच ठरवावेत असं लिहिलं.

पण या कल्पनेसाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. पवईच्या तळ्याच्या पलीकडे, साकीविहार रस्त्यावर, लार्सन अँड टुब्रोचा कारखाना आहे. दोन डॅनिश इंजिनीअरांनी 1938 मध्ये सुरू केलेल्या या कंपनीने 1948 मध्ये इथली पंचावन्न एकर दलदल आणि रान विकत घेतलं. याच कंपनीने 1974 मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांना मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावलं. त्यांनी मूल्यमापन, त्यावर वरिष्ठ-कनिष्ठांचं बोलणं, प्रशिक्षण आणि पुढची वाटचाल ही सगळी एका साखळीत बांधली. 1975 मध्ये तिथे मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग निघाला. देशातला तो पहिला मानला जातो. त्या मांडणीत बोलण्याचं काम प्रत्यक्ष वरिष्ठाचंच होतं. विभागाने त्याला मदत करायची होती, त्याच्या जागी बसायचं नव्हतं. पुढे बऱ्याच ठिकाणी विभाग वाढले, फॉर्म वाढले आणि नेमकं बोलणं तेवढं गळालं. या सॉफ्टवेअर कंपनीतही तारे देण्याचा एक ऑनलाइन फॉर्म आहे. तो भरताना मी पाहिला. कॉफी संपायच्या आत भरून झाला होता.

हे काम स्वस्त नाही. आठ जणांची टीम धरली तरी पंधरवड्याला लीडचे सहा तास जातात. रिलीज तोंडावर आला की पहिली काट याच बैठकीवर येते. शिवाय सगळ्यांनाच हे मानवत नाही. एकजण दर वेळी दहा मिनिटांत उठतो आणि लीड त्याला उठू देतो. लोकलची गर्दी, घराचा हप्ता यांवर तर त्या खोलीत काहीच उपाय निघत नाही. आणि कधीकधी मनमोकळं बोलून झाल्यावर माणूस नोकरी सोडायचं ठरवतो. असा एक मुलगा गेल्या वर्षी गेला. त्याला डेटाच्या कामात जायचं होतं, इथे ते नव्हतं. लीडनेच ओळखीत शब्द टाकला. एचआरला ते रुचलं नाही. मला विचाराल तर त्याने बरोबर केलं.

तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर मार्चच्या अप्रेजलची वाट बघू नका. आधी फक्त एवढं आठवून पाहा, त्यांच्यातल्या प्रत्येकाने मागच्या वेळी तुमच्याकडे काय मागितलं होतं. आठवलं नाही, तर उद्या जाऊन विचारा, आणि या वेळी लिहून ठेवा.