उन्हाळी भाजीमळा : आधी विहीर, मग वाफे

उन्हाळ्यात भाजीला भाव येतो, म्हणून आपण माघात हौसेनं दहा गुंठे वाफे पाडतो. वैशाखात विहीर तळ दाखवते आणि हाताशी आलेला मळा डोळ्यांदेखत करपतो. बियाणं गेलं, खत गेलं, घरच्यांची मेहनतही गेली! हे टाळायचं, तर मळा केवढा करावा हे आधी विहिरीला विचारावे.

हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल असा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. कडक उन्हात भरात आलेल्या भाजीला रोज ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर गुंठ्याला ६०० आणि दहा गुंठ्यांना ६,००० लिटर पाणी रोज हवे.

आता विहीर. पंप बंद केल्यावर पाणी काठापासून किती खाली आहे, ते दोरीला दगड बांधून मोजावे. दुसऱ्या दिवशी पंप सुरू करण्यापूर्वी पुन्हा मोजावे. ५ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी १० सेंटिमीटर चढले, म्हणजे सुमारे २,००० लिटर आले. २० सेंटिमीटरच चढले, तर ४,००० लिटर. त्यावर फार तर साडेसहा गुंठे पोसतील. पाटात मुरणारे पाणी यातूनच जायचे. शिवाय दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत. ऊन वाढते, तसा झरा आटत जातो. म्हणून माघातल्या मापाच्या निम्म्याच हिशेबाने लागवड करावी.

मग पाणी पुरवून वापरावे. वाफ्यांचे तीन भाग करून रोज एकाला पाळी द्यावी, तीही सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. ओळींमध्ये उसाचे पाचट किंवा वाळके गवत पसरावे. ठिबक असेल, तर पाटातली गळती वाचते. वीतभर खालची माती मुठीत दाबून पाहावी; लाडू वळला, तर एक दिवस थांबावे. मात्र भेंडी-गवार फुलावर असताना पाण्याचा ताण पडू देऊ नये. मेथी-पालकाची मुळं उथळ. त्यांना पाणी थोडे, पण वारंवार द्यावे.

गुरुजींनी हे गणित मुलांना गावातल्याच विहिरीवर नेऊन घालावे. आपल्या आणि शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा पुष्कळदा एकच असतो आणि पिण्याची घागरही त्यावरच भरते. मळा दोन वाफे लहान झाला तरी चालेल; घागर रिकामी राहता कामा नये.