न उबलेल्या अंड्यांची तीस वर्षं

१९९०-९१च्या सुमारास देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर कायद्यानं बंदी आली आणि घरातल्या पिंजऱ्यात पोपटाऐवजी मूळची ऑस्ट्रेलियातली बजरीगर दिसू लागली. आपल्याकडे तिलाही सरसकट लव्हबर्ड म्हणतात, ते असो. एकटा पाळलेला पोपट अंड्यांच्या भानगडीत पडत नसे. बजरीगरांच्या जोडीला मात्र मटका टांगून दिला की चार-पाच अंडी ठरलेली. साहजिकच ‘अंडी उबत का नाहीत?’ हा प्रश्न घराघरांत आला.

सुरुवातीची कित्येक वर्षं उत्तर एकच असे: मादी वांझ आहे, बदलून घ्या. नराकडे कुणी बोट दाखवत नसे, पिंजऱ्याकडे तर नाहीच. गुळगुळीत प्लास्टिकची, डुगडुगणारी दांडी असेल तर नराला मादीवर तोल सांभाळता येत नाही आणि मीलन अर्धवट राहतं. दांडी घट्ट बसवण्याएवढा साधा उपाय असताना बिचाऱ्या माद्या दुकानात परत जात.

खऱ्या लव्हबर्डची गंमत वेगळी. त्यांच्या नेहमीच्या जातींत नर-मादी दिसायला सारखेच. दोन माद्या एका पेटीत सुखानं नांदत, दोघीही अंडी घालत. आठ-दहा अंडी बघून मालक खूश, पिल्लू मात्र एकही नाही. पिसावरून डीएनए तपासणी होऊ लागली तेव्हा अशा किती ‘जोड्या’ उघड्या पडल्या!

मग अंधारात टॉर्चवर अंडं धरून बघण्याची सवय रुळली. पाच-सहा दिवसांत आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला. नाही दिसलं तर रिकामं. हा निवाडाही घाईचाच होता. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या निकोला हेमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दुर्मीळ पक्ष्यांची न उबलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. ‘अफलित’ म्हणून बाजूला काढलेल्या बऱ्याच अंड्यांत फलन झालेलं होतं, गर्भ अगदी सुरुवातीलाच गेला होता.

जास्त जीव हळहळतो तो पुरतं वाढून आतच गेलेल्या पिल्लासाठी. उबवणीच्या काळात अंड्यातलं पाणी कवचातून उडत जातं, वजन साधारण १२ ते १५ टक्के घटतं आणि बोथट टोकाकडे हवेचा कप्पा तयार होतो. पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं, कवच त्यानंतर फोडतं. हवा फार कोरडी असली तर आतला पापुद्रा चिवट होऊन पिल्लाला चिकटतो. दमट हवेत पाणी पुरेसं उडत नाही, कप्पा लहान राहतो आणि पिल्लू गुदमरतं.

त्यात आहार नुसत्या राळ्याचा. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवलेला असतो, पण गॅलरीला सरकत्या काचा बसल्या आणि कॅल्शियम अंगी लागायला हवं ते ड जीवनसत्त्व आटलं, कारण काचेतून आलेल्या उन्हानं ते तयार होत नाही. मग कवच पातळ निघतं, कधी अंडंच मादीच्या पोटात अडकतं.

आता जाणते पाळणारे न उबलेलं अंडं फेकण्याआधी फोडून बघतात. त्याआधी थांबतातही, कारण बजरीगर एक दिवसाआड अंडं घालते आणि प्रत्येकाला साधारण अठरा दिवस लागतात. पहिलं पिल्लू निघाल्यावर पाचव्याला आणखी आठवडाभर लागू शकतो. बाजारात मात्र अजूनही एकाच मटक्यातली भावंडं ‘जोडी’ म्हणून विकली जातात. जवळच्या रक्तातल्या अशा जोड्यांच्या अंड्यांतले गर्भ कवचातच मरण्याचं प्रमाण वाढतं, आणि त्यावर ना टॉर्च कामाचा, ना समुद्रफेस.