'आत्ता!' म्हणणारी डबी

मंगलाष्टकांना पाच मिनिटं आहेत. अक्षतांची ताटं रांगांतून फिरताहेत, वाजंत्रीवाले दाराशी सनई फुंकून बघताहेत, आणि बोहल्यासमोरचा फोटोग्राफर कॅमेरा कुणावरही न रोखता नुसतंच बटण दाबतोय. नजर हॉलच्या तीन कोपऱ्यांत. डावीकडच्या दिव्याच्या छत्रीत उजेड पडला. उजवीकडे भिंतीवर पडला. बोहल्याच्या मागे, फुलांच्या पडद्याआड मात्र अंधार. "मागचा झोपलाय, उठव त्याला," तो हाताखालच्या पोऱ्याला सांगतो. पोरगा "हो दादा" म्हणत चपला हातात घेऊन पडद्यामागे पळतो. काही वेळ काही न करता गेला की फ्लॅश बॅटरी वाचवायला खरोखरच झोपतो. पुन्हा बटण दाबलं जातं. आता तिन्ही कोपरे एकाच क्षणी लखलखतात, आणि भटजी अंतरपाट मागतात.

हे तीन दिवे कॅमेऱ्याला कशानेही जोडलेले नाहीत. कॅमेऱ्याच्या डोक्यावर, एरवी जिथे फ्लॅश बसतो त्या खाचेत, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक काळी डबी आहे. तिला एक छोटा पडदा, एक चक्री आणि चार-पाच बटणं. धंद्यातली माणसं तिला नुसतं 'ट्रिगर' म्हणतात. तिच्यातून प्रकाशाचा एक किरणही बाहेर पडत नाही. दूरच्या दिव्यांना एकच शब्द वेळेवर सांगायचा, एवढंच तिचं काम. तो शब्द म्हणजे 'आत्ता'.

कॉलेजच्या दिवसांत दोन लग्नसराया मी त्या पोऱ्याच्या जागी होतो. तेव्हा ही डबी आमच्याकडे नव्हती. वायर होती, आणि त्या वायरीनेच मला या डबीची किंमत शिकवली.

आधी प्रश्न असा, की फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचाच कशाला? कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड लेन्सच्याच दिशेने जातो. नाकाची सावली नाकामागे लपते, गालाचा उतार सपाट होतो, कपाळ चकाकतं आणि मागची माणसं काळोखात बुडतात. ओळखपत्रावरचा चेहरा होतो तो. उंचसखलपणा आपल्याला सावलीमुळे कळतो. तिरप्या उन्हात डोंगराच्या घड्या दिसतात आणि भर दुपारी त्याच पुसल्या जातात, तसंच चेहऱ्याचंही आहे. दिवा हातभर बाजूला आणि थोडा वर नेला, की नथीची सावली ओठाच्या कडेला उतरते आणि पैठणीच्या काठाची जर उठून दिसते.

दुसरं कारण अंतराचं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. दोन मीटरवरच्या नवरीला नीट उजेड मिळाला, तर चार मीटरवरच्या मामाला त्याचा पाव हिस्सा. दिवा कॅमेऱ्याला चिकटलेला असेल तर या हिशोबातून सुटका नाही. दिवे वेगळे ठेवता आले, तर मामासाठी दुसरा दिवा लावता येतो. पण मग त्या सगळ्यांना एकाच क्षणी पेटवणार कोण?

हा प्रश्न फ्लॅशइतकाच जुना. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटं आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची झटकन पेट घेणारी भुकटी तयार केली. तिला जुळवणीची गरज नव्हती. लेन्सचं झाकण उघडायचं, भुकटी पेटवायची, झाकण लावायचं. न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या चाळींचे फोटो काढणारा जेकब रीस हीच भुकटी वापरायचा. तिच्या पायी आपण दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावून घेतली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. १९२९ च्या सुमाराला काचेच्या बंद गोळ्यातला फ्लॅश बल्ब आला आणि धूर गेला. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा झोत सोडून पुन्हापुन्हा पेटणारा फ्लॅश घडवला. कॅमेऱ्याच्या आजच्या फ्लॅशच्या पोटात त्याच घराण्यातली झेनॉनची नळी असते.

दिवा वेगवान झाला तशी शटरशी त्याची वेळ जुळवणं भाग पडलं, आणि वायर आली. जुन्या कॅमेऱ्यांच्या अंगावर 'पीसी' लिहिलेलं एक छोटं गोल भोक असतं. संगणकाशी त्याचा काही संबंध नाही. प्रॉन्टर आणि कॉम्पुर या दोन जर्मन शटरांची ती आद्याक्षरं आहेत.

वायरीने काय साधतं हे बघायचं तर विन्स्टन लिंक या अमेरिकन फोटोग्राफरचं काम बघावं. १९५५ ते १९६० या काळात त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांचे रात्री फोटो काढले. इंजिनं तेव्हा निवृत्तीच्या वाटेवर होती. रुळांच्या कडेला, झाडांत, घरांच्या आडोशाला डझनांनी फ्लॅश बल्ब बांधायचे, त्यांना वायरींनी जोडायचं, आणि गाडी आली की एकदाच बटण दाबायचं. बल्ब एकदा पेटला की संपला आणि गाडी गेली की गेली, त्यामुळे दुसरी संधी नाही. १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका उघड्यावरच्या सिनेमागृहात त्याने काढलेला फोटो जगभर गाजला. पुढे मोटारीत बसलेलं जोडपं, पडद्यावर विमान आणि मागून धूर सोडत चाललेली मालगाडी. ती सगळी रात्र वायरींनी बांधलेली होती.

आमची वायर पाच मीटरची. मी फ्लॅश उंच धरून फोटोग्राफरच्या डाव्या हाताला चालायचो, वायर आम्हा दोघांच्या मध्ये लोंबायची. एका लग्नात, सप्तपदीच्या ऐन चौथ्या पावलाला, एका आजींचा पाय तिच्यात अडकला. आजी सावरल्या, पण पीसीची पिन भोकातून निसटली. ती पिन बसल्यासारखी दिसते आणि बसलेली नसते, हा तिचा जुना अवगुण. पुढची तीन पावलं काळोखातच छापली गेली. त्या घरच्या अल्बममध्ये सप्तपदी आजही चारच पावलांची आहे.

वायरीला पहिला पर्याय आला तो डोळ्याचा. फ्लॅशला प्रकाश ओळखणारा एक घटक जोडायचा, म्हणजे एक फ्लॅश उडाला की त्याच्या उजेडाने दुसरा उडतो. धंद्यात याला 'स्लेव्ह' म्हणतात. चार भिंतींच्या स्टुडिओत हा इमानेइतबारे काम करतो. लग्नात मात्र तो कोणाचाही गुलाम होतो. नवऱ्याच्या मावसभावाने हौसेने आणलेल्या छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला की आमचाही उडणार, आणि आम्ही बटण दाबू तेव्हा तो पुन्हा भरत बसलेला असणार. शिवाय आजचे फ्लॅश खऱ्या झोताआधी उजेड मोजण्यासाठी एक बारीक झोत सोडतात. साधा स्लेव्ह त्यालाच फसतो आणि शटर उघडण्याआधीच रिकामा होतो. भर उन्हात किंवा खांबाआड गेला तर त्याला काही दिसतच नाही.

म्हणून रेडिओ. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या कंपनीचे 'पॉकेटविझार्ड' ट्रिगर १९९० च्या दशकापासून क्रीडा आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांच्या हातात दिसू लागले. कॅननने २०१२ मध्ये ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशच्या पोटातच रेडिओ घातला, निकॉनने २०१६ मध्ये एसबी-५००० मध्ये. पण ही वस्तू तालुक्याच्या फोटो स्टुडिओपर्यंत पोचवली ती चीनमधल्या शेनझेनच्या योंगनुओ आणि गोडॉक्स यांसारख्या कंपन्यांनी. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याचं सामान घ्यायला गेलात, तर ही नावं दुकानदाराच्या तोंडी मराठी शब्दांसारखी येतात.

आता डबीच्या आत. कॅमेऱ्याचा फ्लॅशला दिलेला मूळ हुकूम अगदी गावठी असतो. खाचेच्या मधोमध एक धातूचा ठिपका असतो. शटर पूर्ण उघडलं की कॅमेरा तो ठिपका आणि कडेची पट्टी एकमेकांना जोडतो. दारावरची बेल दाबावी तसं. ट्रिगर ही बेल ऐकतो आणि तिचा रेडिओ संदेश करून सोडतो. संदेशात चॅनेलचा आकडा असतो, म्हणजे कोणत्या टोळीसाठी आहे ते कळतं. गट असतो ए, बी, सी असा, आणि कुणी किती ताकदीने उडायचं तेही असतं. पलीकडचा रिसीव्हर तो ओळखतो आणि आपल्या फ्लॅशची बेल दाबतो. चार पेन्सिल सेलची वीज वाढवून फ्लॅशने कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठवून ठेवलेले असतात. चार्ज होताना येते ती बारीक कुईं त्या वाढवण्याचीच. एका छोट्या कॉइलमधून काही हजार व्होल्टचा चिमटा नळीला बसतो, झेनॉनमधून वीज वाहू लागते आणि साठा एका दमात रिकामा होतो.

हे सगळं केवढ्याशा वेळात? बहुतेक कॅमेऱ्यांच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. सेकंदाच्या १/२०० किंवा १/२५० पर्यंत असा एक क्षण असतो, जेव्हा पहिला पूर्ण गेलेला असतो आणि दुसरा निघालेला नसतो. फ्लॅशने त्याच फटीत उडायचं. रेडिओ लहरीला वीस मीटरचा हॉल ओलांडायला सेकंदाचा दीड कोटीवा भाग लागतो, त्यामुळे लहरीला उशीर होत नाही. उशीर होतो तो दोन्ही टोकांच्या सर्किटला. स्वस्त ट्रिगर थोडा रेंगाळला की फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते. दुसरा पडदा आत आलेला असतो, ती त्याची सावली. मग शटर १/१६० वर आणायचं आणि गप्प बसायचं.

या डबीचं खरं सुख मात्र चक्रीत आहे. पूर्वी मागच्या फ्लॅशचा जोर कमी करायचा तर मला बोहल्यामागे पळावं लागे. आता फोटोग्राफर जागेवरून सी गट निवडतो आणि १/८ वरून १/१६ वर आणतो. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. जोर कमी केला की दुसरीही एक गोष्ट घडते. झोत लहान होतो. निकॉनच्या जुन्या एसबी-८०० चं उदाहरण घ्या. पूर्ण ताकदीला त्याचा झोत सेकंदाचा १/१०५० भाग टिकतो, १/१६ ला १/१०९०० आणि १/१२८ ला १/४१६००. खाली येणारी अक्षत सेकंदाला तीन मीटरने पडते असं धरलं, तर १/२०० च्या शटरमध्ये ती दीड सेंटिमीटर सरकते, म्हणजे फोटोत तिची रेघ होते. १/१०९०० च्या झोतात ती पाव मिलिमीटरच्या आसपास सरकते. रेघेचा दाणा होतो.

डबीचे नखरेही आहेत. बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या उपकरणांना आपल्याकडे परवाना लागत नाही. म्हणूनच वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच गर्दी करून बसलेले असतात. या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणूस म्हणजे बव्हंशी पाणी. रिकाम्या मैदानात शंभर मीटरचा दावा करणारा ट्रिगर पाचशे वऱ्हाडी मध्ये आले की लवकर थकतो. म्हणून जाणते फोटोग्राफर रिसीव्हर डोक्यांच्या वर, स्टँडच्या टोकाला ठेवतात. उलट फ्लॅश अगदी हाताच्या अंतरावर असला तरी काही ट्रिगर बिचकतात, इतके की गोडॉक्सच्या काही ट्रिगरांत जवळच्या अंतरासाठी वेगळी सोय दिलेली आहे.

आणि दोन पक्षांचे दोन फोटोग्राफर असले तर पहिला प्रश्न चॅनेलचा. एका लग्नात दोघांचेही ट्रिगर विकत घेतले तसेच, चॅनेल एकवर होते. वरपक्षाने बटण दाबलं की वधूपक्षाचे दिवे उडत. अर्धा तास दोघेही आपापल्या सेलना शिव्या घालत होते. शेवटी चहाच्या टेबलाशी उलगडा झाला. "काका, तुम्ही सातवर जा, मी एकवरच राहतो," तरुणाने सुचवलं. "सातवर तू जा, मी आधी आलोय," काका म्हणाले. आसनांचा मान ठरवावा तसा चॅनेलचा मान ठरला.

या डबीच्या मुळाशी असलेली पडद्यांची फट आता हळूहळू मिटते आहे. २०२३ च्या अखेरीस सोनीने ए९-३ हा कॅमेरा जाहीर केला. त्याचा सेन्सर सगळं चित्र एकाच क्षणी टिपतो. पडदेच नाहीत, त्यामुळे १/८०००० सेकंदालाही फ्लॅश जुळवता येतो. मात्र फट गेली तरी वेळेची कटकट संपत नाही, वाढते. इतक्या छोट्या खिडकीत झोत पकडायचा तर 'आत्ता' आणखी काटेकोर हवा.

कार्यालयात शेवटचं मंगलाष्टक संपत आलं आहे. भटजी 'सावधान' लांबवतात, सगळ्यांचे हात वर जातात. फोटोग्राफर इतका वेळ थांबलेला असतो, तो अंतरपाट बाजूला होताना बटण दाबतो. सनई, ढोल, टाळ्या एकदम सुटतात. त्या गदारोळात तीन दिवे उडून गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

संध्याकाळी पोरगा स्टँड गुंडाळतो, सेल चार्जरला लावतो. फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो मोठा करून बघतो. अक्षतांचे दाणे हवेत सुटे सुटे थांबलेत, मागच्या दिव्याने प्रत्येकाला पांढरी कड आली आहे. दिवा कुठेच दिसत नाही, वायर तर नाहीच. तो आणखी मोठा करत नवरीच्या डोळ्यापर्यंत जातो. बुबुळात, डावीकडे वर, मोहरीएवढी पांढरी छत्री उघडलेली आहे. "बरोबर जागेवर होती," तो म्हणतो, आणि डबीचं बटण बंद करतो.