खिशातले दोन परार्ध

चाकणच्या मशीन शॉपमध्ये छताला कितीही दिवे असोत, सिलिंडर ब्लॉकच्या बोअरमध्ये उजेड उतरत नाही. आतली बर, ब्लो होल, तळाशी अडकलेली चिप बघायची तर खिशातून पेनाएवढी टॉर्चच काढावी लागते. रिमोटमध्ये घालतात तसला एक बारीक सेल आणि 20 लुमेन उजेड. दुकानात हिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, कारण शेजारच्या खोक्यावर 200, 2,000, कधी तर 10,000 लुमेन छापलेले असतात.

आधी या 20 लुमेनचीच मोजदाद करू. पांढऱ्या एलईडीचे 20 लुमेन म्हणजे एका वॅटचा साधारण सोळावा हिस्सा प्रकाश. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, इतकी किरकोळ ऊर्जा नेतो की एवढ्यासाठी दर सेकंदाला सुमारे 1,80,00,00,00,00,00,00,000 फोटॉन सुटावे लागतात. एकावर सतरा शून्ये म्हणजे परार्ध; 1150 सालच्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांची संख्यांची यादी तिथेच थांबते. ही टॉर्च दर सेकंदाला जवळजवळ दोन परार्ध उधळते. जगातल्या 8 अब्ज माणसांना ते वाटले, तर माणशी दोन कोटींहून जास्त येतात. आणि डोळ्याला लागतात किती? हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी 1942 साली तपासले: अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर शंभरेक फोटॉन पडले तरी चमक जाणवते. होनिंग केलेल्या चकचकीत बोअरमध्ये 200 लुमेन मारले, तर उलट डोळे दिपतात आणि ओरखडा राहतो बाजूला.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. चांगल्या बारीक अल्कलाइन सेलमध्ये साधारण दीड वॅट-तास ऊर्जा असते. एका वॅटमधून 683 लुमेनपेक्षा जास्त उजेड निघूच शकत नाही, तोही निव्वळ हिरवा. म्हणजे या सेलची कमाल झेप 1,025 लुमेन-तास. ‘200 लुमेन, 10 तास’ असे कुणी छापले तर हिशेब 2,000 होतो. तिथे निसर्गच हात वर करतो. 10,000 लुमेनला तर हा आदर्श सेलसुद्धा सहा मिनिटांत रिकामा. प्रत्यक्षात एलईडी आणि सर्किटची गळती धरून वॅटमागे 100 लुमेन मिळाले तरी खूप झाले. त्या हिशेबाने 20 लुमेन सात-साडेसात तास टिकतात, म्हणजे जवळपास पूर्ण थर्ड शिफ्ट. मी तरी हीच घेईन.

महाग पडतो तो सेल. विजेचे एक युनिट भरायला असे 667 सेल लागतील, वजन साडेसात किलोंच्या वर. सेल वीस रुपयांना धरला तरी युनिट 13,000 रुपयांच्या पुढे जाते. त्याच मापाच्या रिचार्जेबल सेलमध्ये ऊर्जा कमी, जेमतेम एक वॅट-तास; पण तो 500 वेळा भरता आला, तर असे दोन सेल मिळून ते युनिट पुरे करतात.