जुना ट्रक घरी आणताना

टेल्कोने 1954 साली डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. करार 1969 मध्ये संपला आणि ट्रकवरचा तारा जाऊन तिथे 'टी' आला. म्हणूनच तारा असलेला, लांब बॉनेटचा ट्रक दिसला की शौकीन थबकतात. माझा भाचाही थबकला. त्याच्याबरोबर आणि मिस्त्रींबरोबर मी ती गाडी आणायला गेलो.

तिथे एक गोष्ट मनावर ठसली. गंजाने जे मोडले नाही, ते घाईच्या ओढाओढीत मोडते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे टायर चिरलेले असतात, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. तशीच ओढली तर चाके फिरत नाहीत, फरफटतात. फिरली तरी धोका आहेच. इंजिन बंद असले की गिअरबॉक्समधले तेल वर उडत नाही. मागची चाके मात्र आतला शाफ्ट फिरवत राहतात आणि तो कोरडाच झिजतो. म्हणून प्रोपेलर शाफ्ट, मिस्त्रींच्या भाषेत 'जॉइंट', आधी सोडवायचा. नाहीतर गाडी सरळ लो-बेड ट्रेलरवर चढवायची. साखळ्या बंपरला नव्हे, चासीला बांधायच्या.

कागदही तितकेच मोलाचे. चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावा. 2021 च्या केंद्रीय नियमांतली 'विंटेज' नोंदणी 50 वर्षांवरच्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे. मालवाहू ट्रक तिच्या बाहेरच उभा. ज्याने आपले धान्य आणि सिमेंट वाहिले, त्याला वारशाच्या यादीत जागा नाही. ती मिळेल तेव्हा मिळो. त्याला धडपणे घरी आणणे आपल्या हातात आहे.