जलसंजीवनी

जलसंजीवनी : अतिसार, पटकी (कॉलरा) यांसारख्या रोगांत जुलाब व उलट्या यांवाटे शरीराबाहेर गेलेले पाणी व लवणे तोंडावाटे भरून काढण्यासाठी दिल्या जाणाऱ्या, मीठ व ग्लुकोज (द्राक्षशर्करा) ठराविक प्रमाणात असलेल्या द्रावणास ‘जलसंजीवनी’ म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘ओआरएस’ म्हणूनही ओळखले जाते व औषधांच्या दुकानांत बहुधा याच नावाने मागितले जाते. मराठी नाव पुराणांतील संजीवनीवरून पडले आहे. मीठ, साखर आणि पाणी या तिन्ही वस्तू हजारो वर्षांपासून घरोघर असूनही त्यांचा हा उपयोग १९६० नंतरच्या दशकापर्यंत शास्त्रीय रीत्या सिद्ध झाला नव्हता. असे का झाले आणि सिद्ध झाल्यानंतरही तो सर्वत्र का पोहोचला नाही, हे दोन्ही प्रश्न या विषयात सारखेच महत्त्वाचे आहेत.

अतिसाराने येणारा मृत्यू बहुतेक वेळा जंतूंमुळे प्रत्यक्षपणे न येता निर्जलीभवनामुळे येतो. पटकीच्या तीव्र विकारात प्रौढ रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, त्वचा सुरकुतते, नाडी क्षीण होते आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावतो. उपचार न झाल्यास तीव्र रुग्णांपैकी सुमारे निम्मे मृत्यू पावतात; योग्य उपचार वेळेवर झाल्यास हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली येते. महाराष्ट्रातील गावोगावच्या मरीआईच्या ठाण्यांवरून या रोगाची जुनी दहशत लक्षात येते. पंढरपूरसारख्या मोठ्या यात्रांमधून साथ पसरण्याचे भय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत शासनाला व यात्रेकरूंना सतत वाटत असे. लहान मुलांना पटकीपेक्षा इतर जंतू व विषाणू यांमुळे होणारी साधी हगवण अधिक घातक ठरते, कारण मुलाच्या लहानशा शरीरात पाण्याचा साठाच मुळात थोडा असतो.

इतिहास : गेलेले पाणी परत द्यावे हा विचार नवा नाही. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये पटकीची साथ आली असताना ओशॉनेसी यांनी रुग्णांचे रक्त तपासून त्यातील पाणी व लवणे घटल्याचे दाखविले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा यांनी नीलेतून लवणद्राव देऊन काही मरणोन्मुख रुग्ण शुद्धीवर आणले. साथ ओसरली आणि ही पद्धतीही मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्ता (आताचे कोलकाता) येथे लेनर्ड रॉजर्स यांनी ती पुन्हा उचलून धरली व मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आणले. तथापि नीलेतून द्रव देण्यास निर्जंतुक बाटल्या, सुया, नळ्या आणि प्रशिक्षित माणसे लागतात. जेथे साथ येते, तेथे नेमकी यांचीच वाण असते.

मग हे पाणी तोंडाने का देऊ नये? या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ शंभर वर्षे एका चुकीच्या समजुतीने अडवून धरले होते. पटकीत आतड्याचा अंतस्तर सोलून निघतो, त्यामुळे तो काहीही शोषू शकत नाही, असे मानले जाई. अतिसाराच्या रुग्णाचे आतडे ‘विश्रांती’साठी रिकामे ठेवावे व त्याला उपाशी ठेवावे, हा नियम वैद्यकीय शिक्षणातही रूढ होता. १९५३ मध्ये कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण तोंडाने देऊन पटकीचे १८६ रुग्ण बरे केल्याचे *लॅन्सेट* या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. परंतु शरीरात किती द्रव गेला व किती बाहेर आला याची काटेकोर मोजणी त्यात नव्हती आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. त्यामुळे हा लेख दुर्लक्षित राहिला. नंतरच्या संशोधनाने जे सिद्ध झाले, त्याचा गाभा त्यात होता, हे मात्र नमूद केले पाहिजे.

अडसर दूर होण्यास तीन वेगवेगळ्या दिशांनी झालेले काम कारणीभूत ठरले. १९५९ मध्ये कलकत्त्याचेच शंभुनाथ डे यांनी पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात व त्या विषामुळे पाणी पाझरते, हे सशांवरील प्रयोगांनी दाखविले. त्याच सुमारास बँकॉक येथे रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले असता अंतस्तर शाबूत असल्याचे आढळले. १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञांनी आतड्यातील कोशिका सोडियम व ग्लुकोज यांना जोडीने आत घेतात, अशी कल्पना मांडली. क्रेन यांच्यासमोर पटकीचा प्रश्न नव्हता, तर साखर आतड्यातून रक्तात कशी जाते एवढेच ते शोधत होते.

कार्यपद्धती : लहान आतड्याच्या कोशिकांच्या पृष्ठभागावर एक वाहक प्रथिन असते. ते सोडियमाचे दोन आयन व ग्लुकोजाचा एक रेणू एकत्र आत ओढते. त्यांच्यामागून तर्षणाने पाणी आत जाते. नुसते मीठपाणी दिले तर पटकीत ते फारसे शोषले जात नाही, कारण सोडियम आत घेण्याचा दुसरा मार्ग विषाने बंद पाडलेला असतो; ग्लुकोजाबरोबरचा मार्ग मात्र अबाधित राहतो. म्हणजे साखर येथे रुचीसाठी किंवा शक्तीसाठी नसून मिठाला वाट करून देण्यासाठी असते. यावरून प्रमाणाचे महत्त्वही स्पष्ट होते. साखर जास्त झाली तर द्रावणाचा तर्षण दाब वाढतो, उलट आतड्यातच पाणी ओढले जाते व जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर रक्तातील सोडियम वाढून लहान मुलाला झटके येऊ शकतात. १९६२ मध्ये फिलिपीन्समध्ये अमेरिकी नौदलाचे रॉबर्ट फिलिप्स यांना तोंडाने दिलेल्या द्रावणाचे शोषण होते असे आढळले होते. परंतु पुढील चाचणीत वापरलेले द्रावण अतिसंहत होते. काही रुग्ण दगावले व प्रयोग थांबवावा लागला. या धक्क्यामुळे विषय आणखी काही वर्षे मागे पडला.

निर्णायक चाचणी १९६८ मध्ये ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत झाली. डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी रुग्णाच्या शरीरातून जेवढा द्रव जातो तेवढाच मोजून तोंडाने द्यायचा, हे सूत्र कसोशीने पाळले. नीलेतून द्याव्या लागणाऱ्या द्रवाची गरज सु. ८० टक्क्यांनी घटली. कलकत्त्यातील संशोधकांचे निष्कर्षही याला पूरक होते.

तरीही रुग्णालयात, प्रशिक्षित परिचारिकांच्या देखरेखीखाली मिळालेले हे यश होते. रुग्णालयाबाहेरची परीक्षा १९७१ मध्ये झाली. पूर्व पाकिस्तानातून सु. एक कोटी निर्वासित भारतात आले आणि पश्चिम बंगालमधील सरहद्दीवरच्या बनगाव येथील छावण्यांत पटकी पसरली. तेथील लहानशा रुग्णालयात रुग्ण जमिनीवर, एकमेकांना खेटून पडलेले होते. डॉ. दिलीप महालनबीस तेथे पोहोचले तेव्हा शिरेतून देण्याच्या द्रवाचा साठा संपत आला होता. त्यांनी कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या मोजलेल्या पुड्या बांधून घेतल्या, छावणीतील पिंपांत त्या पाण्यात मिसळल्या आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांवर सोपविले. लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅ., मीठ ३.५ ग्रॅ. व सोडा २.५ ग्रॅ. असे प्रमाण होते. पोटॅशियम घालणे इष्ट असूनही कृती सोपी राहावी म्हणून ते वगळले. सु. दोन महिन्यांत सु. ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. पूर्वी सु. ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. हा वृत्तांत प्रथम एका नियतकालिकाने नाकारला. १९७३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले व २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

बनगावच्या प्रयोगाचे वेगळेपण द्रावणात नव्हते; ते आधीच ठाऊक होते. उपचार डॉक्टरच्या हातातून आईच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या हाती देता येतो, हे तेथे प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसून आले. वैद्यकातील अधिकाराच्या रूढ उतरंडीला हे मानवणारे नव्हते व पुढील विरोधाचे एक कारण तेही असावे.

संघटन आणि बदल : जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९७५ मध्ये सर्व वयांच्या व सर्व कारणांनी होणाऱ्या अतिसारासाठी एकच प्रमाणित मिश्रण स्वीकारले. त्यात लिटरमागे मीठ ३.५ ग्रॅ., सोडियम बायकार्बोनेट २.५ ग्रॅ., पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅ. व ग्लुकोज २० ग्रॅ. असे. दमट हवेत बायकार्बोनेटमुळे पुडी खराब होत असल्याने पुढे त्याच्या जागी ट्रायसोडियम सायट्रेट आले. पटकी नसलेल्या मुलांसाठी हे मिश्रण जरा जास्त खारट आहे, अशी बालरोगतज्ञांची तक्रार बराच काळ होती. २००२ मध्ये ते सौम्य करण्यात आले : मीठ २.६ ग्रॅ., ग्लुकोज १३.५ ग्रॅ., पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅ. व सायट्रेट २.९ ग्रॅ. यामुळे एकूण संहती ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलपर्यंत उतरली. उलट्या व नीलेतून द्रव देण्याची गरज दोन्ही कमी झाल्या. २००४ पासून जोडीला १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस आहे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलि. द्रावण चमच्याने, थोडे थोडे द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. स्तनपान व नेहमीचा आहार थांबवू नये. पुडी न मिळाल्यास लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण तात्पुरते चालते. मीठ घातलेली भाताची पेज अथवा ताकही उपयोगी पडते. मूल ग्लानीत असेल, त्याला पिता येत नसेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर मात्र घरी वेळ न दवडता त्याला रुग्णालयात न्यावे.

बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघर शिक्षिका पाठवून चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी हे प्रमाण सव्वा कोटीच्या आसपास घरांतील मातांना शिकविले. शिक्षिकेचे वेतन भेटींच्या संख्येवर न ठरविता, काही आठवड्यांनी मातेला किती आठवते व ती द्रावण किती अचूक करते यावर ठरविले जाई. अचूकता लवकर साधली. वापर मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. चौकशीत असे दिसले की, खुद्द शिक्षिकांपैकी अनेकींचा या उपायावर विश्वास नव्हता आणि घरातील पुरुषांना तो कोणी समजावून सांगितलेला नव्हता. दोन्ही त्रुटी दूर केल्यावर वापर वाढला. झँबियात २०१० नंतरच्या दशकात शीतपेयाच्या बाटल्यांच्या खोक्यांतील रिकाम्या जागेतून पुड्या खेड्यांत न्याव्या, ही कल्पना बरीच गाजली. प्रत्यक्षात फार थोड्या पुड्या तशा गेल्या. उपयोगी ठरली ती लहान, २०० मिलि.ची पुडी, जस्ताच्या गोळ्या तिच्यासोबत ठेवणे आणि खेड्यातील दुकानदाराला मिळणारा नफा.

सद्यःस्थिती : १९८० च्या सुमारास अतिसाराने जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सु. ४५ लाख मुले मृत्युमुखी पडत. आता ही संख्या सु. साडेचार लाखांवर आली आहे. याचे सर्व श्रेय जलसंजीवनीला देता येणार नाही. शुद्ध पाणी, शौचालये, सुधारलेले पोषण व रोटाव्हायरसविरोधी लस यांचाही त्यात वाटा आहे. परंतु आजही जगातील अतिसार झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना ती मिळते, आणि ही बाब उरलेल्या मृत्यूंइतकीच गंभीर मानली पाहिजे. जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत, फक्त जीव वाचतो. पालकांना जुलाब थांबलेले हवे असतात. तेव्हा प्रतिजैविक गोळ्या किंवा ‘सलाइन’ देणारा डॉक्टर अधिक जाणता वाटतो.

कर्नाटक व बिहार येथील खाजगी व्यावसायिकांचा एक विस्तृत अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षित माणसे अतिसार झालेल्या मुलाचे पालक म्हणून पाठविण्यात आली होती. जलसंजीवनी न देण्यामागे औषधांवरील नफा किंवा साठ्याचा अभाव ही कारणे किरकोळ निघाली. पालकांना ती नको असते, हा डॉक्टरांचा समज सर्वांत मोठे कारण होते. पालकाने स्वतः मागणी केली की ती लिहून देण्याचे प्रमाण २७ शतांशांनी वाढले. डॉक्टरांना पुन्हा शिकविण्यापेक्षा पालकांना मागायला शिकविणे अधिक फलदायी ठरेल, असा याचा अर्थ होतो. हा उपाय अजून मोठ्या प्रमाणावर योजून पाहिला गेलेला नाही.

याउलट मागणी वाढली की नक्कलही वाढते. भारतात कित्येक वर्षे भरपूर साखर असलेली फळांच्या स्वादाची पेये ‘ओआरएस’ ही अक्षरे नावात मिरवून औषधांच्या दुकानांत विकली जात. अतिसाराच्या मुलाला अशा पेयाने अपायच होण्याचा संभव अधिक. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्याची पूर्वी दिलेली मुभा काढून घेतली. पुडी घेताना तिच्यावरील घटकांचे प्रमाण वर दिलेल्या २००२ च्या मिश्रणाशी जुळते की नाही, हे पाहून घ्यावे.