साहेब नाही, मग काम तपासायचं कुणी?



परदेशात आयटीत काम करणाऱ्यांना आपलं काम घरच्यांना समजावून सांगताना नाकी नऊ येतात. 'आमच्या टीमला साहेब नसतो' असं म्हटलं की बँकेत किंवा सरकारी कचेरीत उभी हयात घालवलेल्या वडीलधाऱ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ''मग तुमचं काम तपासतं कोण?'' प्रश्न साधा आहे. पण इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला, निरनिराळ्या टीममध्ये काम करताना मी बघतेय, भल्याभल्या टीमचं गाडं नेमकं याच प्रश्नावर अडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, खास घरच्या वाचकांसाठी. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सॉफ्टवेअर क्षेत्रातली 17 माणसं जमली आणि त्यांनी 'ॲजाइल'चा जाहीरनामा लिहिला. त्याच्या 12 तत्त्वांपैकी एक असं, की उत्तम रचना स्वतःचं काम स्वतः आखणाऱ्या टीमकडूनच घडते. स्क्रम ही ॲजाइलची सगळ्यात प्रचलित पद्धत. तिच्या मार्गदर्शिकेनुसार टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची, आणि आत उतरंड नाही. कोण काय करणार, कधी आणि कसं, हे टीमनेच ठरवायचं.

गंमत अशी, की एकाने लिहिलेला कोड दुसऱ्या कुणी तपासावा, याबद्दल या मार्गदर्शिकेत एकही नियम नाही. डेव्हलपर मंडळींनी व्यावसायिक म्हणून एकमेकांना जबाबदार धरावं, एवढंच ती म्हणते. स्प्रिंटच्या शेवटी 'स्प्रिंट रिव्ह्यू' असतो खरा, पण तिथे ग्राहकासमोर तयार झालेलं काम मांडतात. आतली वायरिंग तिथे कुणी उघडून बघत नाही.

मग टीम आपापल्या परीने वाट काढतात. कुठे सगळा कोड सीनियर लीडकडेच जातो. तो रजेवर गेला की काम तुंबतं, आणि बाकीच्यांना वाटतं, 'तो बघेल की!' कुठे 'ज्याला वेळ असेल त्याने बघावं' असं ठरतं. म्हणजे बारभाईची खेती, हाती काही लागत नाही. आणि कुठे दोन मित्रांची जोडी जमते. तू माझं पास कर, मी तुझं करतो. पाचशे ओळी दोन मिनिटांत 'ओके'!

न तपासण्याची किंमत किती, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 1 ऑगस्ट 2012 रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीची प्रणाली बाजार उघडताच भरकटली आणि साधारण 45 मिनिटांत कंपनीचे 44 कोटी डॉलरहून अधिक बुडाले. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. चढवणाऱ्याकडून एक सर्व्हर राहून गेला. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने चौकशीअंती नोंदवलं, की हे काम दुसऱ्या कुणी तपासलं नव्हतं आणि तपासावं असा लेखी नियमही कंपनीत नव्हता. आपल्याकडे बँकेत एक जण नोंद करतो आणि दुसरा ती मंजूर करतो, ते 'मेकर-चेकर' इथे नव्हतं.

पण चेकर नेमला की झालं, असंही नाही. इंटरनेटवरची गुप्त देवाणघेवाण सांभाळणाऱ्या ओपन एसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये 2011 च्या अगदी शेवटच्या दिवशी एक बदल दाखल झाला. लिहिणाऱ्याकडून एक तपासणी सुटली होती, आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्याही ती नजरेतून निसटली. 'हार्टब्लीड' नावाने ही चूक एप्रिल 2014 मध्ये जगापुढे आली, तोवर ती असंख्य वेबसाइटवर जाऊन बसली होती. प्रकल्प चालवणारी माणसं मोजकी, त्यांच्यावर कामाचा बोजा अफाट. म्हणजे दुसरे डोळे हवेतच, पण त्या डोळ्यांना वेळही हवा.

तर मग ते डोळे कुणाचे? याचं उत्तर ॲजाइलच्या कितीतरी आधी शोधलं गेलंय. आयबीएममधल्या मायकेल फॅगन यांनी 1976 मध्ये कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली. तपासणारे सहकारीच, आणि बैठक चालवणारा शक्यतो दुसऱ्या प्रकल्पातला, म्हणजे त्याची नजर तटस्थ राहते. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती. तपासणीत सापडलेल्या चुका माणसाच्या अप्रेझलसाठी कदापि वापरू नयेत.

मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. ज्याच्या हातात आपलं रेटिंग आणि पगारवाढ आहे, तोच आपला कोड तपासत असेल, तर माणूस चुका दाखवत नाही, झाकतो. अवघड बदल तुकड्या-तुकड्यांत लपवतो. म्हणून मॅनेजरने कोडचा रिव्ह्यू करू नये. काम कुठवर आलं हे त्याने जरूर विचारावं, टीममध्ये रिव्ह्यू होतोय ना हेही बघावं, पण तपासणारा हात बरोबरीच्याचा असावा.

आता बरोबरीचा म्हटलं की आपली खरी परीक्षा सुरू होते. इथले डच सहकारी थेट डायरेक्टरलाही पहिल्या नावाने हाक मारतात आणि भर बैठकीत 'दात क्लॉप्त नीत', म्हणजे 'हे बरोबर नाही', असं सांगून मोकळे होतात. त्यात कुणाचा अपमान नसतो. आपल्याकडून आलेल्या मुलामुलींना मात्र लहानपणापासून 'मोठ्यांना उलट बोलू नये' शिकवलेलं. हिंजवडीत बसलेली दोन वर्षांच्या अनुभवाची मुलगी इथल्या पंधरा वर्षं मुरलेल्या आर्किटेक्टच्या कोडवर 'इथे चूक आहे' लिहायला धजावत नाही. लिहिलंच तर 'सर, आय मे बी राँग' अशी चार वाक्यं आधी. आणि उलट बाजूने तिच्या कोडवर आलेली डच फटकळ टिप्पणी वाचून तिचा दिवस वाईट जातो. त्यात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. इथल्या माणसाने दुपारी टिप्पणी टाकेपर्यंत तिथे घरी जायची वेळ झालेली. एका ओळीच्या दुरुस्तीला दोन दिवस लागतात, आणि मग मागून कुजबुज सुरू होते, 'पुण्याची टीम स्लो आहे.'

शिवाय आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम कोडलाही लागू पडतोच! स्वतःचा कोड प्रत्येकाला गोजिरवाणा दिसतो.

चालणाऱ्या टीममध्ये मी जे पाहिलंय ते फार अवघड नाही. रिव्ह्यूची पाळी ठरलेली असते आणि ती सगळ्यांवर येते, सीनियरवरही आणि नवख्यावरही. नवख्याने सीनियरचा कोड वाचला की दोन फायदे होतात. तो शिकतो, आणि त्याला न समजलेली जागा बहुधा खरोखरच गुंतागुंतीची निघते. जोखमीचा भाग असेल, म्हणजे पैसे, पासवर्ड, रुग्णांची माहिती, तर तिथे त्या विषयातला जाणकार आणि आणखी एक, असे दोघे बघतात. कार्डाने होणाऱ्या व्यवहारांच्या सुरक्षा नियमांत तर माणसाकडून कोड तपासला जात असेल, तर तो लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्यानेच तपासावा अशी अटच आहे, तिथे 'आमची टीम स्वयंपूर्ण आहे' म्हणून चालत नाही. बदल छोटे ठेवतात. दोनशे ते चारशे ओळींपलीकडे डोळे नुसते फिरतात, दिसत काही नाही. आणि पुण्याची टीम असेल तर दोन्हीकडच्या सामायिक वेळेतला एक तास रिव्ह्यूसाठी राखून ठेवतात. बोलून पाच मिनिटांत सुटणारा गुंता लिहून लिहून वाढवत नाहीत.

'काम झालं' कधी म्हणायचं, याची टीमची एक लेखी व्याख्या असते. 'लिहिणाऱ्याखेरीज एकाने तपासलं' हे वाक्य त्या व्याख्येत घातलं, की रिव्ह्यू हे कुणाचे उपकार राहत नाहीत, कामाचाच भाग होतो. त्याचा वेळही मग स्प्रिंटच्या आखणीत धरावा लागतो.

साहेब नसणं म्हणजे तपासणी नसणं नव्हे. उलट, साहेब नसेल तर ती जबाबदारी प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते. पुढच्या रेट्रोमध्ये, मंडळी, एक साधा प्रश्न विचारून बघा, गेल्या महिन्यात आपल्या टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर व्यक्तीने सगळ्यात सीनियर व्यक्तीच्या कामात किती चुका दाखवल्या? उत्तर शून्य आलं, तर टीममधला साहेब गेलेला नाही, फक्त त्याची खुर्ची हलवली आहे.